इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, मग जोडी जमते कशी?

चोपड्याच्या एका एमेस्सी पहिल्या वर्षाच्या मुलानं विचारलंय, थोडक्यात प्रश्न असा: ‘सर, पुस्तकात लिहिलंय की धातू खूप थंड केला की दोन-दोन इलेक्ट्रॉनची जोडी होते आणि रेझिस्टन्स शून्य होतो, म्हणजे अतिवाहकता येते. पण दोघांवर ऋण भार, दोघं एकमेकांना ढकलणार, मग जोडी कशी? आमच्या मॅडमनी गादीवर दोन जण झोपले की मधे खड्डा पडतो आणि दोघं जवळ सरकतात असं सांगितलं, ते काही डोक्यात बसलं नाही. आणि कॉपर ऑक्साइडवाल्यांत तर म्हणे फोनॉनचं (आयनच्या जाळीच्या कंपनांचं) कामच नाही, मग तिथं जोडतं कोण? आणि सगळे कोरिलेशन कोरिलेशन म्हणतात ते नक्की काय असतं?’

भाऊ, शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सुटला की बाकीचे अर्धे आपोआप सुटतात. कागद-पेन घेऊन बस, हे नुसतं वाचून डोक्यात जाणार नाही, मी वीसेक वर्षं हेच करू राहिलो तरी अजून कागदाशिवाय मला जमत नाही.

दोन जागा घे, म्हणजे दोन अणू शेजारी-शेजारी, आणि त्यांच्यावर दोन इलेक्ट्रॉन सोड, एक अप स्पिनचा आणि एक डाउन स्पिनचा (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचा अंगचा चुंबकीय गुण, त्याच्या दोनच दिशा). इलेक्ट्रॉनला इकडून तिकडं उडी मारायची मुभा आहे, त्या उडीची ऊर्जा टी, आणि दोघं एकाच जागेवर आले तर यू एवढी ऊर्जा जास्तीची मोजावी लागते. बस एवढंच. यालाच हबर्ड मॉडेल म्हणतात, १९६३ मध्ये हबर्डनी मांडलं, आणि दोन मितींच्या मोठ्या जाळीवर ते आजपर्यंत कोणाला कागदावर पूर्ण सोडवता आलेलं नाही. दोन जागांचं मात्र तू चहा गार व्हायच्या आत सोडवशील. आधी यू शून्य ठेव. मग अपवाला कुठंही असो, डाउनवाल्याला त्याचं काही घेणं-देणं नाही, डावीकडच्या जागेवर दोघं एकदम सापडायची शक्यता निम्मे गुणिले निम्मे म्हणजे ०.२५. आता यू टीच्या आठपट कर, यू = ८टी, आणि सर्वात कमी ऊर्जेची अवस्था काढ. डावीकडे दोघं एकदम सापडायची शक्यता ०.०२६ वर येते, म्हणजे जवळपास दहावा हिस्सा. पण आता खरी गोष्ट बघ, अपवाल्याची स्वतःची सरासरी बदलली का? नाही बदलली. तो अजूनही निम्मा वेळ डावीकडे, निम्मा वेळ उजवीकडे. डाउनवाल्याचंही तेच. एकेकट्याकडं पाहिलं तर काहीच झालेलं नाही, आणि दोघांकडं एकदम पाहिलं तर सगळं बदललेलं आहे. तो जो फरक, ०.०२६ वजा ०.२५, म्हणजे उणे ०.२२, त्याचं नाव कोरिलेशन. एकेकट्याच्या सरासऱ्यांचा गुणाकार करून जे कळत नाही, पण दोघांना (किंवा चौघांना, किंवा सगळ्यांना) एकदम मोजल्यावर कळतं, ते कोरिलेशन. ही व्याख्या पक्की कर, पुढं सगळीकडं हीच लागणार आहे.

त्याच गणितात अजून एक रत्न आहे आणि बरेच जण ते न बघता पुढं जातात. या अवस्थेची ऊर्जा येते (यू − √(यू² + १६टी²)) भागिले २, यू = ८टी ला ती उणे ०.४७टी. आणि दोघांचे स्पिन सारखे असते तर? तर पाउलीच्या नियमानं (सारख्या स्पिनचे दोघं एका जागेवर बसू शकत नाहीत) उडीच बंद, ऊर्जा शून्य. म्हणजे उलट स्पिनचे शेजारी असणं फायद्याचं, आणि यू मोठा असला तर तो फायदा साधारण ४टी²/यू एवढा असतो, अँडरसननी १९५९ मध्ये याच्यावर सुपरएक्सचेंजची थिअरी उभी केली. आता मला सांग, आपण मॉडेलमध्ये आकर्षण कुठं घातलं होतं? कुठंच नाही. फक्त उडी आणि ढकलणं. तरी शेजाऱ्यांनी उलट स्पिन ठेवावा अशी एक ओढ त्यातून तयार झाली. ढकलण्यातून ओढ निघू शकते, हे तू आत्ता स्वतःच्या हातानं काढलंस, म्हणून मी सगळ्या विद्यार्थ्यांना हा दोन जागांचा हिशोब आधी करायला लावतो.

आता गादी. मॅडमचं उदाहरण चुकीचं नाही, पण त्यातून मुख्य गोष्टच निसटते, आणि ती म्हणजे वेळ. गादीवर दोघं एकाच वेळी झोपलेले असतात, इलेक्ट्रॉन तसे नसतात. त्यापेक्षा आपल्याकडची काळ्या मातीतली गाडवाट डोळ्यापुढं आण, पावसाळ्यातली. एक बैलगाडी गेली, मातीत चाकोरी पडली, गाडी गेली निघून पार पुढच्या शिवारात, चाकोरी मात्र तशीच राहिली कारण माती काही लगेच वर येत नाही. मागाहून समोरच्या गावाकडून दुसरी गाडी आली, तिचं चाक आपोआप त्या चाकोरीत उतरलं. दोन गाड्यांची भेटसुद्धा झाली नाही, पण पहिलीनं दुसरीची वाट ठरवली. धातूत हेच होतं. इलेक्ट्रॉन सेकंदाला दहा लाख मीटरच्या वेगानं पळतो, तो जाताना आजूबाजूचे धन आयन किंचित ओढले जातात, आयन जड, त्यांना हलायला आणि परत यायला सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढा वेळ लागतो, तेवढ्यात इलेक्ट्रॉन शंभर नॅनोमीटर म्हणजे तीनेकशे अणू ओलांडून गेलेला असतो. मागं जो धन भाराचा पुंजका उरला त्याच्याकडं दुसरा इलेक्ट्रॉन ओढला जातो, तोपर्यंत पहिल्याचं ढकलणं दूर गेलेलं. आणि समोरून आलेली गाडी मी मुद्दाम म्हटलं, कारण जोडीतल्या दोघांचे संवेग उलट दिशेचे असतात, एकाच चाकोरीतून उलट दिशेनं.

याचा पुरावा १९५० मध्ये पाऱ्यानं दिला, पाऱ्याचे जड आयसोटोप घेतले की अतिवाहकता थोड्या कमी तापमानाला येते. इलेक्ट्रॉनला आयनच्या वजनाशी काय करायचं? पण माती जड झाली की चाकोरीचं वागणं बदलतं. त्याच वर्षी फ्रोलिश यांनी स्वतंत्रपणे इलेक्ट्रॉन-आयन संबंधातून हे आकर्षण मांडलं होतं.

इथपर्यंत पुस्तकं बरी सांगतात. पुढं गडबड होते, कारण आकर्षण मिळालं म्हणजे जोडी झाली असं वाटतं, आणि ते खरं नाही. रिकाम्या तीन मितींच्या जागेत दोन कणांमध्ये नुसतं थोडंसं आकर्षण असेल तर ते बांधले जात नाहीत, आकर्षण एका मर्यादेपेक्षा जास्त लागतं, आणि धातूतलं हे आकर्षण तर फारच क्षीण असतं. मग? १९५६ मध्ये लिऑन कूपर यांनी दाखवलं की दोन इलेक्ट्रॉन रिकाम्या जागेत नाहीत, ते भरलेल्या कणगीच्या वर आहेत. ज्वारीनं काठोकाठ भरलेली कणगी घे, खालच्या दाण्यांना हलायला जागा नाही, हलतात ते वरच्या थरातले. धातूत तसंच, पाउलीच्या नियमानं खालच्या सगळ्या जागा भरलेल्या, वर काठावरच्या इलेक्ट्रॉनलाच हालचाल. आणि या काठामुळं गणित असं बदलतं की आकर्षण कितीही बारीक असो, जोडी बांधली जातेच. म्हणजे जोडी त्या दोघांची नाहीच रे, खाली दबून बसलेल्या कोट्यवधींमुळं ती शक्य झाली. कणगी काढून घे, जोडी सुटली. मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाक्य कोणतं विचारशील तर मी हेच सांगेन.

मग दुसऱ्या वर्षी, १९५७ ला, बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी सगळ्या इलेक्ट्रॉनची मिळून एकच अवस्था लिहिली, त्यालाच बीसीएस म्हणतात, १९७२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कामरलिंग ओनेस यांनी लायडनला १९११ मध्ये पाऱ्याचा रेझिस्टन्स ४.२ केल्विनला गायब झालेला पाहिला होता, म्हणजे मधे ४६ वर्षं गेली, फाइनमनसारख्या माणसानं जोर लावून पाहिला तरी सुटलं नाही. का? टीसीचं, म्हणजे ज्या तापमानाखाली अतिवाहकता येते त्याचं, सूत्र बघ: १.१३ गुणिले डिबाय तापमान (आयनच्या कंपनांचा वेग तापमानाच्या मापात) गुणिले ई चा घात उणे (१/लॅम्डा), लॅम्डा म्हणजे आकर्षणाची ताकद. आता हे लॅम्डाच्या घातांमध्ये विस्तारून दाखव. होतच नाही, प्रत्येक पद शून्य येतं. आकर्षण नाही असं धरून सुरुवात करायची आणि हळूहळू दुरुस्त्या घालत जायचं ही जी आपली नेहमीची पर्टर्बेशनची सवय, ती इथं कितीही पायऱ्या चढलास तरी पोचवत नाही. आणि हेच सूत्र किती नाजूक आहे तेही करून बघ, डिबाय तापमान ४०० केल्विन धर, लॅम्डा ०.२ असेल तर टीसी ३ केल्विन, ०.३ केला तर १६ केल्विन. म्हणून टीसीचं भाकीत करणं इतकं अवघड, आकर्षणाच्या मोजणीत जरा चूक झाली की उत्तर कुठल्या कुठं. (तांबं, चांदी, सोनं यांच्यात आयनशी इलेक्ट्रॉनचं नातं क्षीण, म्हणूनच ते रोजच्या तापमानाला चांगले वाहक आणि म्हणूनच अतिवाहक होत नाहीत, आपल्या जळगावच्या सराफ्यातलं सोनं कितीही शुद्ध असलं तरी.)

आता ‘जोडी’ या शब्दाबद्दल. नवराबायकोच्या जोडीसारखं चित्र डोक्यात असेल तर काढून टाक. ॲल्युमिनियममध्ये एका जोडीचा पसारा दीडेक मायक्रॉन असतो, आणि तेवढ्याच जागेत दुसऱ्या लाखो जोड्या असतात, एकमेकींत मिसळलेल्या. कोण कोणाचा जोडीदार हा प्रश्नच तिथं चुकीचा. मग जोडी जोडी म्हणतो ते मोजायचं कसं? परत कोरिलेशन. तारेच्या एका टोकाला उलट स्पिनचे दोन इलेक्ट्रॉन एकदम काढून घे आणि दुसऱ्या टोकाला दोन एकदम टाक, असं करून परत तीच अवस्था मिळायची किती शक्यता आहे ते विचार. साध्या धातूत अंतर वाढवत गेलास की हा आकडा शून्याकडं जातो. अतिवाहकात तो एका ठिकाणी थांबतो आणि मग कितीही लांब जा, कमी होत नाही. चोपड्याला जोडी काढली आणि भुसावळला टाकली तरी अवस्थेला फरक पडत नाही, अशी ती दूरवरची बांधिलकी. १९६२ मध्ये सी. एन. यांग यांनी हे नीट मांडलं, त्याला ऑफ-डायगोनल लाँग रेंज ऑर्डर असं लांबलचक नाव आहे. अतिवाहकतेची खरी व्याख्या ही आहे. गॅप (इलेक्ट्रॉनला राहायला जागा नसलेली ऊर्जेची फट) ही व्याख्या नाही बरं का, परीक्षेत सगळे गॅप लिहितात, पण गॅप सिलिकॉनलाही असतो आणि तो काही अतिवाहक नाही, उलट काही अतिवाहकांना गॅप नसतोही. सगळ्या जोड्यांची फेज (लहर चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) एकमेकींना बांधलेली असते, त्यामुळं कुठल्या एका अशुद्धीला धडकून प्रवाह मोडत नाही, कारण मोडायचा तर सगळ्यांची फेज एकदम बदलावी लागेल. आणि ‘दोन’चा आकडा प्रयोगातही सरळ दिसतो, १९६१ मध्ये दोन वेगळ्या गटांनी अतिवाहक नळीत अडकलेलं चुंबकीय फ्लक्स मोजलं, ते एच भागिले २ई च्या पटीत आलं (एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक, ई म्हणजे इलेक्ट्रॉनचा भार). छेदात दोन. एका इलेक्ट्रॉनचं असतं तर नुसतं ई आलं असतं.

बरं, आता तुझा अवघड प्रश्न, कॉपरवाले.

१९८६ मध्ये झुरिचला बेडनॉर्झ आणि म्युलर यांना लँथनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या वर अतिवाहकता दिसली, पुढच्याच वर्षी दोघांना नोबेल आणि त्याच वर्षी यिट्रियमवाल्या पदार्थात ती ९० च्या वर गेली, म्हणजे ७७ केल्विनच्या द्रव नायट्रोजनमध्ये काम भागायला लागलं. यातली विचित्र गोष्ट तापमान नाही, विचित्र हे की ज्या मूळ पदार्थापासून सुरुवात होते तो धातूच नाही. लँथनम कॉपर ऑक्साइडमध्ये प्रत्येक कॉपरमागं एक मोकळा इलेक्ट्रॉन, पट्टा अर्धा भरलेला, पुस्तकाप्रमाणं तो उत्तम वाहक पाहिजे, आणि तो निघतो इन्सुलेटर. पंगतीचा विचार कर. प्रत्येक पाटावर एक माणूस बसलाय, एका पाटावर दोघांनी बसणं फार अडचणीचं (हाच आपला यू), म्हणून कोणीच हलत नाही. माणसं कमी नाहीत, जागा बंद नाहीत, तरी सगळी पंगत जागेवर थिजलेली. याला मॉट इन्सुलेटर म्हणतात. आणि तू आत्ता काढलेली ती ४टी²/यू ची ओढ इथं काम करायला लागते, शेजारी-शेजारी स्पिन उलटे, अप-डाउन-अप-डाउन असा सगळ्या जाळीभर चौकटीचा नमुना. ही मांडणी ३२५ केल्विनच्या आसपासपर्यंत टिकते. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ वर जातो ते म्हणजे ३१८ केल्विन, म्हणजे भुसावळच्या भर दुपारीसुद्धा न विस्कटणारी ओढ, नुसत्या ढकलण्यातून आलेली. एवढी मोठी ऊर्जा आत पडलेली आहे म्हटल्यावर टीसी मोठा येऊ शकतो यात नवल वाटायला नको.

आता पंगतीतून शेकड्याला पाच-दहा माणसं उठव. मोकळे पाट झाले, लोक सरकायला लागले. पण सरकताना ती अप-डाउनची मांडणी विस्कटते आणि त्याची किंमत मोजावी लागते. दोन मोकळे पाट जवळजवळ असले तर विस्कटणं कमी, असं एक साधं चित्र लोक सांगतात. मीही वर्गात सांगतो, पण तिथंच थांबू नको, कारण तेवढ्यानं फेजची बांधिलकी येत नाही, आणि हाच न्याय लावला तर दोनच का, सगळेच मोकळे पाट एका कोपऱ्यात का गोळा होत नाहीत हेही सांगावं लागतं. (आणि खरंच काही पदार्थांत ते पट्ट्या-पट्ट्यांनी गोळा होतात, त्याच्याकडं येतो.)

खरी किल्ली जोडीच्या आकारात आहे. जुन्या धातूत जोडीची लहर सगळ्या दिशांना सारख्या चिन्हाची असते. कॉपरवाल्यात ती एक्स दिशेला अधिक आणि वाय दिशेला उणे, म्हणजे नव्वद अंशात फिरवली की चिन्ह उलटतं, आणि दोघं एकाच जागेवर असण्याची शक्यता बरोब्बर शून्य. याला डी-वेव्ह म्हणतात. आता लक्ष दे, यू फक्त दोघं एका जागेवर आले तरच लागतो ना? मग जी जोडी एका जागेवर येतच नाही तिला यू चं काय भय? शिवाय गॅपच्या समीकरणात एक उणे चिन्ह असतं, त्यामुळं नेहमी आकर्षण लागतं. पण ढकलणारी शक्ती जर अधिकवाल्या भागाला उणेवाल्या भागाशी जोडत असेल, तर दोन उणे मिळून अधिक होतात आणि ढकलणंच आकर्षणाचं काम करतं. अप-डाउनच्या मांडणीची जी थरथर उरलेली असते ती नेमकी असेच दोन भाग जोडते. हे माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर: ढकलणं कुठंच नाहीसं होत नाही, इलेक्ट्रॉन ते टाळायला शिकतात, पाऱ्यात आणि ॲल्युमिनियममध्ये एकमेकांना वेळेत टाळतात (एक गेल्यावर दुसरा येतो), कॉपर ऑक्साइडमध्ये जागेत टाळतात. आणि ते टाळणं म्हणजेच कोरिलेशन.

डी-वेव्ह हा नुसता अंदाज नाही. १९९४ मध्ये सुई आणि कर्टली यांच्या गटानं तीन वेगवेगळ्या कोनांत जोडलेल्या क्रिस्टलवर कॉपरवाल्या अतिवाहकाची अंगठी केली, चिन्ह उलटत असेल तर तिच्यात आपोआप अर्धा फ्लक्स क्वांटम अडकायला पाहिजे, आणि तसाच अडकलेला दिसला. असा प्रयोग वाचला की मन भरून येतं.

मग ‘जोडतं कोण’ यावर सगळ्यांचं एकमत आहे का? नाही. स्पिनची थरथर हीच चाकोरी असं एक घराणं म्हणतं. दुसरं घराणं म्हणतं चाकोरी वगैरे शोधूच नका, जोड्या मॉट इन्सुलेटरमध्ये आधीपासूनच आहेत, मोकळे पाट मिळाले की त्या वाहायला लागतात, १९८७ मध्ये अँडरसन यांनी हे मांडलं आणि त्याच वर्षी आपल्या बास्करन यांनी त्यांच्याबरोबर त्याची पुढची थिअरी केली. मी स्वतः पहिल्या बाजूला झुकतो, पण कमी डोपिंगला, म्हणजे थोडेच पाट मोकळे असताना, पहिल्या घराण्याचं गणित लंगडं पडतं हेही मी मान्य करतो.

कागदावर भांडण मिटत नाही म्हणून आम्ही मोजायला बसतो आणि तिथं वेगळंच दुखणं आहे. प्रत्येक जागेच्या चार अवस्था, रिकामी, अप, डाउन, दोघं. १६ जागा म्हणजे चार चा सोळावा घात, सव्वाचारशे कोटींच्या वर, नुसती एक अवस्था साठवायला ६४ जीबी मेमरी. ३६ जागांना तर आकडा २२ अंकी होतो. तेवढे सगळे आकडे लिहायचेच नाहीत, नमुना घेऊन सरासरी काढायची, ही माँटे कार्लोची पद्धत, पण इलेक्ट्रॉन फर्मिऑन (दोघांची अदलाबदल केली की चिन्ह उलटणारे कण) असल्यामुळं तिथं उणे चिन्हं घुसतात. कापसाच्या व्यापाऱ्याची वही समज, जमा कोट्यवधी, खर्च कोट्यवधी, आणि शिल्लक दोन रुपये. दोन्ही बाजू अंदाजानं लिहिल्या तर त्या दोन रुपयांचा काय भरवसा? तापमान खाली नेलं, जाळी मोठी केली की शिल्लक अजून बारीक होत जाते. याला साइन प्रॉब्लेम म्हणतात आणि त्यावर सरसकट औषध नाही. दुसरा रस्ता १९९२ मध्ये स्टीव्हन व्हाइट यांनी दाखवला, डीएमआरजी, त्यात अवस्थेतलं जे कोरिलेशन खरंच लागतं तेवढंच ठेवायचं आणि बाकी टाकून द्यायचं, एका मितीत त्याला तोड नाही, दोन मितीत अरुंद पट्ट्यांवर चालतं.

यात माझा एक अनुभव सांगतो, तुला उपयोगी पडेल. पीएचडीत असताना मला ४×४ च्या जाळीवर झकास पेअरिंग दिसलं होतं. मी दोन महिने त्याच्यावर पेपर लिहीत बसलो, मग मोठ्या जाळीवर तेच मोजलं तर आकडा विरघळून गेला. नंतर कळलं की चारही बाजू जोडलेली ४×४ ची जाळी म्हणजे गणितानं चार मितींचा २×२×२×२ चा ठोकळाच असतो, तिला स्वतःची जास्तीची सममिती असते, आणि ती सममिती मला अतिवाहकतेसारखी भासली होती. त्या दोन महिन्यांचं दुःख आजही आहे. तेव्हापासून एकाच आकाराच्या जाळीवरचं पेअरिंग कोणी दाखवलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, अंतर वाढवल्यावर कोरिलेशन थांबतं का घसरतं.

गेल्या काही वर्षांत मात्र इथं खरी हालचाल झाली. २०१७ मध्ये वेगवेगळ्या पद्धतींनी मोजणाऱ्या लोकांनी एकाच प्रश्नावर एकत्र काम केलं, आठव्या हिश्श्याच्या डोपिंगला हबर्ड मॉडेलमध्ये काय होतं, आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं, मोकळे पाट पट्ट्यांनी मांडले जातात. २०२० मध्ये दिसलं की नुसत्या शेजारच्या उडीवाल्या मॉडेलमध्ये, कॉपरवाल्यांना लागू पडणाऱ्या यू ला, पट्ट्या जिंकतात आणि अतिवाहकता टिकत नाही. मन खट्टू करणारी बातमी होती. मग २०२४ मध्ये तिरकी उडी, म्हणजे कर्णावरच्या शेजाऱ्याकडं जायची मुभा, मॉडेलमध्ये घातली तर डी-वेव्ह अतिवाहकता आली, पट्ट्यांच्या सोबतच. खऱ्या पदार्थांत ती तिरकी उडी असतेच. एवढ्याशा फरकानं एक अवस्था जाऊन दुसरी येते, कारण दोघींच्या ऊर्जेत अंतर फार थोडं, आणि म्हणून या विषयात घाईनं छाती ठोकून बोलू नये.

फोनॉन जुने झाले असंही समजू नकोस. २०१५ मध्ये हायड्रोजन सल्फाइडमध्ये २०३ केल्विनला अतिवाहकता मिळाली ती फोनॉनचीच, हायड्रोजन हलका म्हणून कंपनं वेगवान, फक्त दाब १५० गिगापास्कल लागतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या १५ लाख पट. दुसऱ्या टोकाला मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या लोकांनी २०१७ मध्ये बिस्मथ दाखवला, साध्या दाबाला, ०.५३ मिलिकेल्विनखाली अतिवाहक. आकडा छोटा वाटतो पण महत्त्व मोठं आहे, बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागं जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन, त्यामुळं इलेक्ट्रॉन स्वतःच संथ, आणि इलेक्ट्रॉन वेगवान-आयन मंद हे बीसीएसचं गृहीतकच तिथं कोसळतं, गाडीपेक्षा चाकोरी आधी बुजते म्हण ना. तरी जोड्या जमतात. २०२३ मध्ये खोलीच्या तापमानाला अतिवाहक म्हणून गाजलेल्या एलके-९९ या पदार्थाबद्दल विचारशील तर ते अतिवाहक नव्हतं, त्यात राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळं रेझिस्टन्स एकदम पडत होता. नुसता रेझिस्टन्स पडला म्हणून विश्वास ठेवू नये, चुंबकीय क्षेत्र बाहेर टाकलं जातं का ते बघावं, १९३३ चा माइसनरचा प्रयोग अजूनही तीच कसोटी आहे.

आता पुढं काय करायचं ते सांगतो. दोन जागांचा हिशोब झाला की चार जागांचा चौकोन घे. पायथनमध्ये एका संध्याकाळी होतो, चार इलेक्ट्रॉनला ३६ अवस्था, तिघांना २४, दोघांना १६, साधे मॅट्रिक्स. एक काळजी घे, २×२ ला कडा जोडायची अट घालशील तर प्रत्येक बाँड दोनदा मोजला जाईल, चार जागांची साखळी गोल केली असं समजून चारच बाँड ठेव. आधी यू शून्य टाक, तिन्ही वेळा किमान ऊर्जा उणे ४टी यायला पाहिजे, नाही आली तर कुठंतरी चिन्ह चुकलंय, बहुतेक वेळा फर्मिऑनच्या क्रमाचं. मग यू वाढवत जा आणि दर वेळी २×ई(३) − ई(२) − ई(४) काढ, ई(३) म्हणजे तीन इलेक्ट्रॉनची किमान ऊर्जा, बाकीच्या तशाच. हा आकडा धन आला म्हणजे दोन मोकळ्या जागांना वेगवेगळ्या चौकोनांत राहण्यापेक्षा एकाच चौकोनात राहणं परवडतं. तो धन येईल, यू साडेचार टी च्या आसपास होईपर्यंत, आणि मॉडेलमध्ये आकर्षणाचा एक थेंबही नाही. शेवटी चार इलेक्ट्रॉनची आणि दोन इलेक्ट्रॉनची किमान अवस्था घे आणि दोघींना नव्वद अंशात फिरवून बघ. एकीचं चिन्ह बदलेल, दुसरीचं बदलणार नाही. म्हणजे एकीतून दुसरीत जायला जी जोडी काढावी लागते तिचं चिन्ह काय असणार ते तूच लिही, आणि आकडे मला पाठव, मी तपासून देतो.